दोन वह्यांचे दिवस

बचत खात्यात पैसे भरायचे तर दहा तारखेच्या आत भरावेत आणि काढायचे तर महिना उलटू द्यावा, हे शहाणपण आमच्या पिढीच्या घराघरांत होते. माझी आई चौथीच्या पुढे शिकली नव्हती, पण वडिलांचा पगार झाला की ती त्यांच्या मागे लागत असे, ‘दहा तारीख जाऊ देऊ नका हं.’ दहा तारखेत काय जादू आहे हे तिला ठाऊक नव्हते. मला ते कळले १९८० साली, एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागल्यावर. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. अकरा तारखेला पाच हजार भरले तर त्या पाच हजारांना तो महिना कोरडा गेला. एकोणतीस तारखेला लग्नाच्या बस्त्यासाठी चाळीस हजार काढले, तर अठ्ठावीस दिवस बँकेने वापरलेल्या त्या चाळीस हजारांवर एक पैसाही नाही.

वाचकांना हा बँकेचा कावा वाटेल. मूळ कारण साधे होते. हजारो खात्यांच्या लेजरमध्ये रोजच्या शिल्लकेवर व्याज काढणे हाताने शक्यच नव्हते. म्हणून प्रत्येक पानावर महिन्याची एकच किमान रक्कम पेन्सिलीने मांडायची, सहा महिन्यांची बेरीज करायची आणि त्यावर व्याज लावायचे, ही सोय निघाली. नियम वहीच्या मापाने शिवलेला होता. पुढे वही गेली, यंत्र आले. रोजच्या शिल्लकेवर व्याज काढायला त्या यंत्राला क्षणभरही लागला नसता. तरी नियम तसाच राहिला. देशभरच्या शाखा यंत्रावर येईपर्यंत तो बदलणे अवघड होते, ही अडचण खरीच. रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झाले ते १ एप्रिल २०१० पासून. आमच्या शाखेत पहिला संगणक येऊन तोवर चौदा वर्षे झाली होती. आणि त्यानंतरही कितीतरी दिवस वयस्कर खातेदार दहा तारखेला धापा टाकत काउंटरवर येत होतेच. मी त्यांना सांगे, ‘काका, आता केव्हाही भरा.’ ते मान डोलावत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दहालाच येत.

हल्ली माझी भाचरे ज्या कंपन्यांत काम करतात तिथे बदलाला सामोरे कसे जावे याची शिबिरे भरतात. लोणावळ्याला बस जाते, डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडण्याचे खेळ होतात, रात्री जेवण चांगले असते. मी हसत नाही, कारण आमच्या वेळी यातले काहीच नव्हते आणि त्याची किंमत कोणी मोजली हे मी पाहिले आहे. यंत्र खरेदी करायला एक सही पुरते. माणसांचे वळण बदलायला काय लागते, हा प्रश्न मला अडतीस वर्षांच्या नोकरीत तीन-चार वेळा समोर उभा राहून भेटला आणि त्यातल्या एका वेळी मी साफ चुकले. ते आज सांगावेसे वाटते.

बँकांच्या संगणकीकरणाचा इतिहास लोक आता विनोदासारखा सांगतात. युनियनवाल्यांनी संगणक अडवून धरला, एवढेच त्यात शिल्लक राहिले आहे. साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक इमारतीत येऊ दिला नाही, पहारे बसवले, ही गोष्ट खरी आहे. आमच्याकडेही ‘यंत्र आले की माणूस गेला’ अशा घोषणा मी स्वतः दिल्या आहेत, पदर खोचून आणि बऱ्यापैकी खड्या आवाजात. डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि १९८९ मध्ये दुसऱ्या समितीने संगणकीकरणाचा. या दोन्हींच्या आगेमागे इंडियन बँक्स असोसिएशन आणि कामगार संघटना यांच्यात करार होत राहिले. १९९३ च्या करारानंतर दारे खऱ्या अर्थाने उघडली. करारांत किती यंत्रे, कोणत्या शाखेत, चालवणाऱ्याला किती विशेष भत्ता, असे सगळे घासाघीस करून लिहिलेले असे. त्या भत्त्यावरून शाखाशाखांत जी भांडणे झाली ती आठवली तर आज हसू येते आणि थोडी लाजही वाटते.

पण त्या घासाघिशीतून एक गोष्ट झाली, तिला कोणी श्रेय देत नाही. यंत्रामुळे तुमची नोकरी जाणार नाही, हे लेखी मिळाले. ते मिळाल्याबरोबर आमच्यातल्या निम्म्या लोकांचा विरोध वितळला. ज्याच्या घरी दोन मुलांची फी आणि आईचे औषध आहे, त्याला ‘बदल स्वीकारा’ असे सांगण्याआधी त्याच्या पानात उद्या भात आहे की नाही ते सांगावे लागते. तेवढे सांगितले की माणूस यंत्राकडे कुतूहलाने पाहू लागतो.

बदल नको असेही म्हणायची सोय नव्हती. जुन्या वहीची मी आरती ओवाळत नाही. सकाळी टोकन घेऊन बाकावर बसलेला शेतकरी दुपारची एस.टी. चुकवून परत जाई. मुलाला पुण्याला पैसे पाठवायचे तर टपालाने जाणारी ट्रान्स्फर पोहोचायला आठवडा, कधी दोन. ताळेबंदाच्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत एका रुपयाचा फरक शोधत बसायचो, आणि घरी तान्हे मूल असलेल्या आम्हा बायकांचे काय व्हायचे ते वेगळे सांगायला नको. १९९२ साली मुंबईत रोख्यांचा घोटाळा उघड झाला, तेव्हा सरकारी रोख्यांच्या हस्तांतराच्या नोंदी हातानेच होत होत्या. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत कोट्यवधी रुपये मधल्या मध्ये फिरवता येत. हाताने लिहिलेले ते सारे पवित्र, असे समजणाऱ्यांनी तेवढे तरी आठवावे.

आमची शाखा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी होती. साखर कारखान्याची बिले, शिक्षकांचे पगार, निवृत्तांची पेन्शने, असा तिचा व्याप. १९९६ साली मी तिथे अकौंटंट होते, म्हणजे मॅनेजरच्या खालोखाल. श्रावणात संगणक आले. नारळ फुटला, हळदीकुंकू वाहिले गेले, पेढे वाटले गेले. यंत्रांसाठी काचेची खोली झाली आणि तिला वातानुकूलन बसले. माणसे बाहेर करकरणाऱ्या पंख्याखाली. खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमचा शिपाई तर पहिले आठ दिवस आत जाताना नकळत हात जोडी. गाभारा झाला तो, आणि गाभाऱ्यात कोणी जायचे हेही मग ठरलेच. ट्रेनिंग सेंटरला दोघांना पाठवायचे असे पत्र आले. नावे मी काढली. शाखेतली सर्वांत लहान दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही सव्विशीच्या आतले. मला ते इतके उघड वाटले की मी कोणाला विचारलेही नाही.

आमचे लेजर सांभाळणारे जे ज्येष्ठ कारकून होते त्यांना सगळे काका म्हणत. राष्ट्रीयीकरणाच्या आधी, १९६५ साली, ते बँकेत लागलेले. तेव्हा त्रेपन्न वर्षांचे असतील. धोतर सोडून पँट घालायला लागले तेही बँकेनेच सांगितले म्हणून, असे ते म्हणत. ते कितपत खरे होते कोण जाणे. चेकवरची सही पाहून ‘हा पाटील आज तापात आहे’ असे सांगणारा माणूस. त्यांच्या अक्षराला वळण असे, की आकडे पानावर छापल्यासारखे एकाखाली एक उभे राहत. ट्रेनिंगची यादी लागली तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले, यादी वाचली, चष्मा पुसला आणि परत गेले. काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

पहिले तीन महिने दोन्ही कारभार बरोबर चालले: वहीतही लिहायचे, यंत्रातही घालायचे आणि संध्याकाळी दोन्ही शिल्लका जुळवायच्या. याला आम्ही ‘पॅरलल’ म्हणत असू. सगळे वैतागले होते, कारण काम दुप्पट. पण मागे वळून पाहता मला ते तीन महिने आमच्या शाखेचे सर्वांत शहाणे दिवस वाटतात. यंत्रावरची मुले आणि वहीवरची माणसे यांना रोज संध्याकाळी एका टेबलाशी यावेच लागे. कोणी कोणाच्या वरचढ नव्हते, कारण दोघांकडे अर्धे-अर्धे सत्य होते.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अठराशे रुपयांचा फरक आला. मुलांनी दिवसभराची व्हाउचरे पसरली, तीनशेच्या वर होती, आणि एकेक पडद्याशी ताडून पाहायला लागली. काका लेजरच्या उंच स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. तिथूनच म्हणाले, ‘नऊने भाग जातो का बघा.’ जात होता. ‘मग आकडे उलटे पडलेत. अठराशे म्हणजे नऊशे दुणे. हजार आणि शेकडा यांची अदलाबदल झालीय, आणि त्या दोन आकड्यांत दोनाचा फरक आहे. आठ-सहा, सात-पाच, असलं काहीतरी शोधा.’ चार मिनिटांत व्हाउचर सापडले. सहा हजार आठशे तीसऐवजी आठ हजार सहाशे तीस टंकले गेले होते. मुलगा टाळ्या वाजवत ओरडला, ‘काका, हे आम्हाला ट्रेनिंगला नाही शिकवलं!’ सगळे हसले, चहा मागवला गेला.

आणि तिथेच ते संपले. या माणसाला काचेच्या खोलीत एक खुर्ची द्यावी, त्याने मुलांना फरक कसा शोधायचा ते सांगावे आणि मुलांनी त्याला बटणे दाखवावीत, हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते. ते सुचले नाही. मला वाटले, त्यांची निवृत्ती जवळ आली, कशाला त्रास द्यायचा. दयेच्या वेषात किती सहज माणसाला बाजूला काढता येते! तीन महिने सरले, लेजरे रेकॉर्ड रूममध्ये गेली आणि काका आवक-जावक टेबलावर आले. पाकिटांवर नंबर टाकायचे.

त्या काळी आमचे जे मॅनेजर होते ते कोकणातले, निवृत्तीला वर्षभर राहिलेले. तांत्रिक ज्ञान त्यांना शून्य, आणि ते तसे सांगतही. पण त्यांनी एक गोष्ट केली, जी मला पुढे कुठल्याही शिबिरात कोणी शिकवली नाही. दोनशे पानी एक वही आणून पाण्याच्या माठाशेजारी दोरीने बांधून ठेवली. वर लिहिले, ‘आज काय अडलं?’ ज्याचे जे चुकेल, अडेल, ते त्याने तिथे लिहायचे. नाव लिहायचे नाही. ज्याला तोड सापडेल त्याने खाली ती लिहायची. पहिले चार दिवस वही कोरी. मग खुद्द मॅनेजरांनीच लिहिले, ‘संगणक बंद करताना मी भिंतीवरचे बटण दाबले. गोंधळ झाला.’ अक्षर सगळ्यांच्या ओळखीचे. त्या दिवसापासून वही वाहू लागली. एकाच व्हाउचरगठ्ठ्याचे दोनदा पोस्टिंग झाले. रात्रीच्या प्रतीसाठी फ्लॉपी घालायची राहिली. एकाच नावाचे तीन खातेदार आहेत, पडद्यावर बापाचे नाव दिसत नाही, चुकीच्या खात्यात पेन्शन गेले. ही शेवटची नोंद काकांची होती, आणि तिच्याखाली तोड म्हणून त्यांनी लिहिले होते, ‘नावाच्या पुढे गावाचे नाव घालता येते का बघा.’ घालता येत होते. आठ महिन्यांत शंभरावर नोंदी झाल्या. आसपासच्या शाखांतून आम्हाला फोन येत, ‘तुमच्या वहीत याचं काही आहे का?’

बँकेत चुकणे म्हणजे काय असते, हे बाहेरच्यांना कळणार नाही. चूक म्हणजे मेमो, मेमो म्हणजे खुलासा, खुलासा म्हणजे फाइल आणि फाइल म्हणजे पदोन्नतीच्या वेळी तोंड वर काढणारे भूत. पैशाचा मामला, त्यामुळे ही कडक शिस्त आवश्यकच असते. लबाडीला क्षमा नाही, नसावीच. पण नवे काम शिकताना होणारी चूक आणि लबाडी यांना एकाच तराजूत घातले की माणसे शिकायचे थांबतात आणि लपवायला लागतात. त्या म्हाताऱ्या मॅनेजरांना हा फरक कळत होता. तो कुठल्या परिपत्रकात नव्हता.

ते निवृत्त झाले. नवे साहेब आले. हुशार, तरुण, संगणकाचा अभ्यास केलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांना माठाशेजारची वही दिसली. त्यांनी ती मागवली. मीच दोरी सोडून ती त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दोन तास त्यांनी ती वाचली आणि मला बोलावून विचारले, ‘बाई, यातली अक्षरं कुणाकुणाची आहेत, ओळखता येतील?’ त्यांच्या बाजूने पाहिले तर तेही अगदीच चूक नव्हते. महिन्याभरात ऑडिट होते, आणि शाखेच्या चुकांची एवढी मोठी लेखी कबुली ऑडिटरच्या हाती पडली असती तर पहिला बळी त्यांचाच. मी म्हटले, ‘नाही ओळखता येणार साहेब.’ एवढा बाणेदारपणा मी दाखवला. पण वही परत माठाशी बांधावी, हे मात्र मी म्हटले नाही. ती त्यांच्या कपाटात गेली. एका मुलीला तरी मेमो मिळाला, कारण तिचे अक्षर डावीकडे झुकणारे होते.

पुढच्या तिमाहीत मुदत ठेवींचे दर बदलले. यंत्रात एका मुदतीसाठी जुनाच दर राहून गेला. तीन आठवडे तसाच राहिला. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घरी कागदावर हिशेब करून दाखवला, तेव्हा कळले. मग पत्रे लिहिणे, माफी मागणे, फरक देणे. नंतर चहाच्या वेळी एकाने मला हळूच सांगितले, की त्याच्या ते दुसऱ्याच दिवशी लक्षात आले होते. ‘मग बोलला का नाहीस?’ तो माठाकडे बघत म्हणाला, ‘कुठे बोलायचं?’

त्यानंतर २०००-०१ सालात सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षे नोकरी किंवा चाळीस वर्षे वय झालेल्यांना अर्ज करता येत होता. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जे कमी असेल ते. देशभरात सुमारे एक लाख माणसे गेली. काही आनंदाने गेली, काहींनी किराणा दुकाने काढली, काहींनी मुलींची लग्ने केली. गेलेली माणसे कोणती, याचा मात्र कुणी नीट हिशेब केला नाही. ज्यांच्यावाचून अडणार नाही असे वाटत होते त्यांतले कितीतरी असे निघाले, की पुढची दोन वर्षे शाखा त्यांच्या घरी फोन करत राहिल्या. काकांच्या बाबतीत साठ दिवसांचे गणित लागू होतच नव्हते. उरलेल्या पंचवीस-तीस महिन्यांचा पगार, बस्स. मी त्यांना म्हटले, ‘काका, दोन-अडीच वर्षांसाठी कशाला जाता?’ ते म्हणाले, ‘बाई, पाकिटावर नंबर टाकायचे ते घरी बसून टाकीन की.’

ही हकिगत मी अर्धी सोडते आणि पुढचे सांगून परत येते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा मी एका मोठ्या शहरातल्या शाखेची प्रमुख होते. नऊ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद, दहाला सकाळी सातपासून रस्त्यापर्यंत रांग. नियम दर दोन दिवसांनी बदलत होते; सकाळी समजावून सांगितलेले संध्याकाळी खोटे ठरे. नव्या नोटेचा आकार वेगळा, त्यामुळे एटीएमच्या पेट्या बसेनात. इतक्या आकस्मिक बदलाची तयारी कोणत्याही शिबिरात होत नसते. तिथे मी जुन्या वहीची उसनवारी केली. फळा आणला, काउंटरच्या आतल्या बाजूला टांगला आणि वर लिहिले, ‘आज काय अडलं?’ दुपारी आणि रात्री दहा-दहा मिनिटे सगळे त्याच्यापुढे उभे राहत, शिपायापासून माझ्यापर्यंत. पहिल्या दिवशी आमच्या सुरक्षारक्षकाने सांगितले, की रांगेतल्या म्हाताऱ्यांना दुपारी भोवळ येते, त्यांच्यासाठी खुर्च्या टाका आणि त्यांचे नंबर कागदावर लिहून द्या. हे माझ्या केबिनमधून मला दिसले नसते. तिसऱ्या दिवशी आमच्याच शाखेचे दोन निवृत्त कॅशियर न बोलावता आले. यंत्र सतत अडकत होते. त्यांची बोटे अडकत नव्हती. या वेळी मी खुर्च्या आत टाकल्या, मुलांच्या शेजारी.

त्या पन्नास दिवसांत आमच्याकडून चुका झाल्या नाहीत असे नाही. नोटा कमी भरल्या, एका कॅशियरला स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागले. मग आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढली. पण लपवलेली चूक एकही सापडली नाही, याचे मला अजून बरे वाटते.

बँकांच्या विलीनीकरणाबद्दल मी ऐकीव लिहिणार, कारण त्यातला मोठा भाग माझ्या २०१८ मधल्या निवृत्तीनंतरचा. २०१७ मध्ये स्टेट बँकेत सहयोगी बँका गेल्या, २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात देना आणि विजया, १ एप्रिल २०२० ला आणखी सहा बँका चार बँकांत. सत्तावीस सरकारी बँकांच्या बारा झाल्या. ग्राहकांना दिसला तो पासबुकाचा आणि शाखेच्या संकेतांकाचा बदल. आतल्यांना दिसले ते ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य. नवी सून आमटीत गूळ घालते की नाही यावरून जे सुरू होते, तेच. माझी एक मैत्रीण अशा एका एकत्र झालेल्या शाखेत होती. ती सांगे, वर्षभर दोन्ही बँकांचे लोक डबे वेगळे खात. ज्या दिवशी नव्या प्रणालीत पगारांची फाइल अडकली आणि एका बाजूला प्रणाली माहीत होती, दुसऱ्या बाजूला कारखान्याचा हिशेबनीस माहीत होता, त्या रात्री पहिल्यांदा सगळ्यांनी एकत्र वडापाव खाल्ला. गरज पडली म्हणून झाले; मुद्दाम घडवून आणले असते तर वर्ष वाचले असते.

आता काकांकडे परत येते. २००२ साली उन्हाळ्यात एक बाई शाखेत आल्या. खेड्यातल्या, नवरा नुकताच गेलेला. ट्रंकेत सापडलेले पिवळे पडलेले पासबुक त्यांनी पदराआडून काढले. त्यावर लेजरचा आणि पानाचा जुना नंबर, आणि तो यंत्रातल्या कुठल्याही खात्याशी जुळेना. यंत्राच्या दृष्टीने ते खाते जगात नव्हते. बाईंना मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे हवे होते, आणि आठवड्याची मुदत होती. मुलांनी रेकॉर्ड रूम दोन दिवस धुंडाळली. शेवटी मी काकांच्या घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला जुने शाईचे पेन. मी ‘बसा’ म्हणेपर्यंत बसले नाहीत. पासबुक उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘सात नंबरचं लेजर जाड झालं म्हणून अठ्ठ्याहत्तर साली आम्ही त्याची शंभरपासूनची पानं काढून सात-अ बांधलं होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर नंबर नाही, सुतळी आहे.’ रेकॉर्ड रूममध्ये जाऊन ते दहा मिनिटांत धुळीने माखलेले बाड घेऊन बाहेर आले. पान सापडले. व्याजासकट अकरा हजारांच्या वर रक्कम निघाली. यंत्रावर घालताना ते बाड कुणाच्या हातीच लागले नव्हते. म्हणजे त्यातली आणखीही खाती तशीच अंधारात होती. ती सारी काकांनी चार दिवस येऊन उतरवून दिली. मानधनाचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी हात हलवला.

शेवटच्या दिवशी चहा झाल्यावर ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. काचेची खोली एव्हाना नव्हती, संगणक प्रत्येक काउंटरवर आले होते. ते म्हणाले, ‘बाई, एक विचारू? शिल्लक बघायला नेमकं काय करतात हो?’

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवले. खात्याचा नंबर कुठे घालायचा, कोणते बटण दाबायचे, पान पुढे कसे न्यायचे, ते दाखवले. त्यांनी एका बोटाने स्वतःच्या खात्याचा नंबर घातला. तो त्यांना पाठ होता. पडद्यावर नाव आले, नोंदी आल्या, शिल्लक आली. त्यांनी सवयीने मनात बेरीज केली असावी, कारण ओठ हलत होते. ती जुळली. मग आणखी एक खाते पाहिले, मग आणखी एक. तिसऱ्या वेळी मला सांगावे लागले नाही. घड्याळात पाहिले तर सात-आठ मिनिटे झाली होती.

‘एवढंच होतं होय?’ ते म्हणाले.